तिच्या माहेरचा खडा

बाबा,

काल रिपोर्ट आणायला गेले होते. माझी एकच किडनी उरली आहे हे तुम्हाला माहीत आहे. उजवी काढली तेव्हा तुम्ही ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर दिवसभर बसून होतात. आता डावीतही पुन्हा खडा धरलाय. नवा डॉक्टर तरुण आहे, कागद भरता भरता त्यानं सवयीनं विचारलं, "आई-वडील नात्यातले होते का?" मी म्हटलं, होते, माझ्या वडिलांनी मामाची मुलगी केली होती. त्यानं मान हलवली, लिहून घेतलं, पुढच्या रकान्याकडे वळला. दोन सेकंदांचं काम. आणि मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या इतका राग आला की उघडलेली पाण्याची बाटली मी न पिताच परत बंद केली. राग त्या पोराचा नव्हता. साठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न तुम्हाला एका डॉक्टरबाईंनी विचारला होता. तुम्ही तिथे खरं उत्तर दिलंत, त्यावर त्या जे बोलल्या ते शेवटपर्यंत ऐकलंत, आणि घराच्या दारात पोचेपर्यंत त्यातलं अर्धं गिळून टाकलंत.

आपण भंडाऱ्याकडून भिलाईला आलो तेव्हा इथे पोलादाचा कारखाना नव्हता, नुसता उकरलेला माळ होता. तुम्ही खलाशी म्हणून लागलात. खलाशी म्हटलं की पुढे नागपूरला शिकताना लोकांना जहाज आठवायचं, मग मला सांगावं लागायचं की माझे वडील दोरखंड आणि कप्प्या लावून लोखंडाचे मोठाले गर्डर वर चढवतात. मजुरांच्या कॅम्पातली आपली खोली टिनाची. दुपारी भिंतीला हात लागला तर चटका बसायचा. बायकांचा संडास ओळीच्या पार टोकाला होता, बाजूनं ट्रक जायचे, म्हणून आई आणि मी उजाडायच्या आधी जायचो आणि नंतर थेट अंधार पडल्यावर. मध्ये जावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. मी एकदा माठाशी उभी राहून दुसरा गिलास भरला तर तुम्ही ओरडला होतात, "पोरीच्या जातीनं असं घटाघट पानी पेऊ नये, मंग दिवसभर पळापळ!" तुम्हाला काही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. त्या ओरडण्याचं मी तुमच्यावर काही ठेवत नाही. 

पहिली कळ आली तेव्हा मी सात वर्षांची असेन. पाठीतून निघून पोटाच्या खाली उतरलेली ती कळ मला अजून कोणाला सांगता आलेली नाही. मी जमिनीवर लोळतेय, आई मला धरायला बघतेय, शेजारची छत्तीसगढी बाई कुळथाचं पाणी उकळून आणतेय. दुसऱ्या दिवशी लघवीतून खडा पडला, पिवळट, मेणासारखा, ज्वारीच्या दाण्याएवढा. आईनं तो धुऊन फडक्यात बांधून ठेवला. त्यानंतर ती रोज कुळीथ शिजवायची. खडे येतच राहिले. माझ्या लघवीला सडक्या अंड्यासारखा वास यायचा. शाळेतल्या मुली नाक धरायच्या, आणि कारखान्यात कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनकडून तसाच वास घेऊन वारा आला की माझ्याकडे बघून हसायच्या. आईनं एका संध्याकाळी हळूच कबूल केलं की मी पोटात होते तेव्हा तिला मातीचे डोहाळे लागले होते. चुलीची भाजकी माती ती चोरून खायची. "तेच झालं असंल वो तुह्या पोटात," ती म्हणाली. हे तिनं फक्त मला सांगितलं असतं तर बरं होतं. पण तोवर आपल्याला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, क्वार्टर मिळालं होतं, आजी, म्हणजे तुमची आई, गावाहून राहायला आली होती, आणि आजीच्या कानातून त्या घरात काही सुटत नसे.

मी दहा वर्षांची असताना एक खडा अडकला. तुम्ही मला खांद्यावर टाकून कारखान्याच्या इस्पितळात नेलंत, पाठीत चिरा देऊन तो काढावा लागला. टाके काढल्यावर पंधरा दिवसांनी त्या बंगाली डॉक्टरबाईंनी आपल्याला परत बोलावलं. तो दिवस मला तासातासानं आठवतो. त्यांच्या खोलीत खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक होता. त्यांनी काचपट्टीवर थेंब ठेवला, भिंग फिरवलं आणि आधी मला बघू दिलं. मी बघतेय, तर पाण्यात काचेच्या चपट्या चकत्या तरंगताहेत, प्रत्येकीला सहा कोन, कोणीतरी पट्टी लावून आखल्यासारख्या. मग तुम्ही हेल्मेट काखेत धरून वाकलात. एक डोळा मिटलात, दुसरा लावलात आणि म्हणालात, "ये तो नट है, मॅडम. पूरा छह पहलू का नट." बाई हसल्या. तुम्हीही हसलात. मला तुमचा अभिमान वाटला होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं, सावकाश, सोप्या हिंदीत. किडनी रक्त गाळते. गाळताना कामाच्या वस्तूही बाहेर येतात. आपण खातो त्या डाळीचे, दुधाचे, अंड्याचे अगदी बारीक तुकडे, ज्यातून शरीर मांस बांधतं. चांगली किडनी हे तुकडे पुढे जाऊ देत नाही, नळीतून उतरता उतरता ते वेचून परत रक्तात घालते. या मुलीच्या किडनीला त्यातले काही तुकडे वेचता येत नाहीत. ते वाहून जातात. त्यांतला एक असा आहे की पाण्यात नीट विरघळत नाही, तोच साचतो आणि त्याचे हे नट होतात. तुम्ही विचारलंत, "इसकी माँ ने मिट्टी खाई थी, उससे हुआ?" बाई म्हणाल्या, "मिट्टी से बिलकुल नहीं. ये जन्म से है. आधा आपसे आया, आधा माँ से. दोनों तरफ़ से आए, तभी बीमारी होती है." आणि मग तो प्रश्न, बायको नात्यातली आहे का? तुम्ही म्हणालात, "मामा की लड़की है." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तब तो एक ही घर से दोनों को मिला होगा. आपको अपनी माँ से, उनको अपने पिता से. इसमें किसी का क़सूर नहीं है." औषध एकच सांगितलं, पाणी. दिवसा, रात्री झोपेतून उठूनसुद्धा. सोबत सोड्याची पुडी.

परत येताना मी सायकलच्या कॅरियरवर होते. नाल्याच्या पुलावर तुम्ही सायकल थांबवली, पाय टेकवला आणि मागे न बघता विचारलंत, "समजलं का तुले, बाई काय बोलून राहिली होती ते?" मी हिंदी शाळेत पाचवीत होते बाबा. मला शब्द न् शब्द समजला होता, तुमच्यापेक्षा जास्त. पण तुमची मान अशी ताठ झालेली मी कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "नाही." तुम्ही पायडल मारलंत.

घरी आजी सुपात तांदूळ निवडत बसली होती. आई आत कणीक मळत होती. आजीनं विचारलं, "काय म्हने डाक्टरीन?" तुम्ही म्हणालात, "पानी लय प्या लागते." "अन् झालं कायनं?" तुम्ही बुटाची नाडी सोडत होतात. नाडी सुटली तरी तुम्ही खालीच बघत राहिलात. मग म्हणालात, "तिच्या माहेरचं हाय."

खोटं नव्हतं ते. किती विचार करून शोधलंत? पुलापासून घरापर्यंत? आईचं माहेर म्हणजे आजीचंच माहेर. एकच घर, एकच अंगण. तिथून एक वाट आईच्या वडिलांकडून आईपर्यंत आली आणि दुसरी आजीकडून तुमच्यापर्यंत. तुम्ही दुसरी वाट बोलला नाहीत. आजी क्षणभर चमकली खरी, कारण भावावर बोट आलं होतं. पण तिनं लगेच सोडवणूक केली. "माह्या भावाच्या घरी कोनाले नाही असं. इच्या मायच्या रगतात असंल. अन् वरून माती खाल्ली ना इनं!" आई कणकेच्या हातांनी दारात आली. ती आजीला आत्याच म्हणायची, लग्नानंतरही. म्हणाली, "आत्या, चिमूटभर खाल्ली होती वो मी. सगळ्याच बाया खातेत." मग तिनं तुमच्याकडे पाहिलं. बाबा, ती तुमच्याकडे बघत उभी होती, आणि तुम्ही उठून न्हाणीत पाय धुवायला गेलात. मी तिथेच होते, भिंतीला टेकून, हातात सोड्याची पुडी घेऊन.

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर चाललं. आणखी लेकरू झालं तर तेही असंच खडे पाडणार, असं आजीनं ठरवलं. घराला मुलगा तर पाहिजेच होता. आधी आईचं अंथरूण माझ्याजवळ आलं. मग "चार महिने भावाकडे राहून ये, हवापालट होईल" असं निघालं. मला सोबत धाडलं नाही, कारण इस्पितळ इथे होतं आणि नळ इथे होता. तुम्ही ते कारण सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज अगदी समजूतदार होता. स्टेशनवर गोंदियाकडची पॅसेंजर उभी आहे, आई खिडकीशी बसलीय, ट्रंकेवर हात ठेवून. मला म्हणाली, "पानी पेत जाजो वो." चार महिने झाले, वर्ष झालं. तिला आणायला कोणी गेलं नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाट लावून नवी आई आली. तिच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही, तिनं मला कधी हात लावला नाही, न मारायला न जवळ घ्यायला.

तिला तीन मुलं झाली. तिघंही ठणठणीत. सगळ्या नातेवाइकांना पुरावाच मिळाला. बघा, बाई बदलली, खडे गेले. लग्नात, बारशात हे माझ्यासमोर बोललं जायचं आणि तुम्ही ऐकून घ्यायचात. नवी आई दुसऱ्या गावची, दुसऱ्या घराण्यातली होती. तिच्याकडून त्या मुलांना चांगलं तेच मिळालं, म्हणून तुमच्याकडून आलेला दोष त्यांच्यात गप्प बसला. पुढे नागपूरला पॅथॉलॉजीचं शिक्षण घेताना हे मी पुस्तकात वाचलं. ज्यांच्यात दोष एकाच बाजूनं येतो ते जन्मभर धडधाकट राहतात, त्यांना कळतही नाही. मी त्या पानावर पेन्सिलनं रेघ मारली. खोलीतली मैत्रीण म्हणाली, परीक्षेला येतं का हे? मी म्हटलं, माझ्या घरी आलंय.

आणि तरी तुम्ही वाईट बाप नव्हतात, हेच मला फार जड जातं. कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन साहेबाकडून तुम्ही माझ्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची पाण्याची बाटली मागून आणलीत, जाड लोकरी कापडात शिवलेली. ती भरून रोज दप्तरात ठेवायचात. गुरुजी तासाला बाहेर सोडत नाहीत असं मी सांगितल्यावर तुम्ही शिफ्ट संपवून थेट शाळेत आलात, कपड्यांवर गंज, डोक्यावर हेल्मेट, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "मास्टरजी, ये लड़की जब बोले, जाने देना. इसकी दवाई पानी है." त्यानंतर मला कोणी अडवलं नाही. रात्रीच्या पाण्यासाठी तुम्ही गजर लावून उठायचात, वर्षानुवर्षं. त्या बाईंचं अर्धं म्हणणं तुम्ही इतक्या इमानानं पाळलंत की उरलेलं अर्धं तुम्हाला विसरायला झालं असेल असं मी स्वतःला सांगू शकत नाही.

तुमच्या शेवटच्या वर्षी मी विचारलं होतं. भिलाईजवळच्या रिसालीतल्या या घरात, ओट्यावर, तुम्ही ऊन खात बसला होतात. मी म्हटलं, "बाबा, त्या डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या, आठवते?" तुम्ही इतकं पटकन उत्तर दिलंत की मला कळलं, ते तयार होतं. "मले तवा हिंदी कुठं येत होतं?" अख्ख्या गँगला, बिहारी, पंजाबी, तेलुगू पोरांना, दिवसभर हिंदीत हुकूम देणारा माणूस! मी गिलास उचलायला लागले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "माह्या मायले कसं सांगू मी, का तुह्याच बापाच्या घरचं हाय म्हून? तिचा जीव गेला असता." मी म्हटलं, "आईचा गेला." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मग शेजारच्या कुत्र्याला हाकललंत. आपलं त्या विषयावरचं बोलणं एवढंच.

आईचं तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. मी प्रत्येक उन्हाळ्यात तिच्याकडे जायचे. मामा तिला नीट वागवायचा, मामी कामापुरती. ती मजुरांसोबत धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, जायची, उन्हाळ्यात बांध घालायला आणि पावसात रोवणीला. तिनं मीठ सोडलं होतं. मी बरी होईपर्यंत अळणी खाईन असा तिनं देवीला नवस केला होता, मातीच्या पापाची फेड म्हणून. वरणात नाही, भाजीत नाही. उन्हात दिवसभर वाकून आल्यावर तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे आणि ती दात दाबून पाय चोळत बसायची. मी शिकले तेव्हा कळलं की मीठ कमी करायचं असतं ते या आजाराच्या माणसानं, म्हणजे मी. मी लोणचं खात तिच्याशेजारी बसलेली असायचे आणि ती अळणी भात गिळायची. मला इथे लॅबमध्ये नोकरी लागली त्या वर्षी ज्येष्ठात बांधावरच तिला ताप चढला, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. मामाचं पत्र पोचलं तोवर दिवससुद्धा होऊन गेले होते. तुम्ही ते पत्र वाचून घडी करून परत माझ्या हातात दिलंत आणि शिफ्टला गेलात. त्या दिवशी तुमची सुट्टी होती.

इतकं लिहून झाल्यावर वाटतंय, सगळं तुमच्या पदरात घातलं. पण एक राहिलं. आईला मी शेवटची भेटले ती दिवाळी होती. ती भिंत सारवत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "तुह्या त्या मोठ्या पुस्तकात लिवलं असंल नं, मातीनं होते का हे?" मी म्हटलं, "मातीनं नाही होत, आई." ती थांबली. वळली. तिच्या कोपरापर्यंत शेण होतं. "मंग कायनं होते?"

आणि मी म्हटलं, "माहीत नाही अजून कोणाला."

सांगितलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं, तुले कवापासून माहीत हाय? दहा वर्षांची असल्यापासून, असं मला म्हणावं लागलं असतं. दारात उभी राहून ती तुमच्याकडे बघत होती तेव्हा मला माहीत होतं. चौदा उन्हाळे तिच्या ताटाला ताट लावून बसले तेव्हाही माहीत होतं. तिनं "बरं" म्हटलं आणि परत भिंतीकडे वळली.

काल इस्पितळातून येऊन मी कागद घेतला तो तिला लिहायला. "आई" लिहिलं, पुढे स्वल्पविराम दिला. मग तो कागद बाजूला ठेवला आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला लिहिणं सोपं होतं.